वायोमिंग-कोलोराडोत रँचवर आठवडाभर राहायचंय, आम्हाला झेपेल का?

मृण्मयी_जर्सी

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. दर उन्हाळ्यात गाडी भाड्याने घ्यायची, दिवसभर मैलच्या मैल तुडवायचे, रात्री नव्या हॉटेलात बॅगा उघडायच्या आणि सकाळी परत भरायच्या, याचा आता घरात सगळ्यांनाच वैताग आलाय. म्हणून यंदा एकाच जागी आठवडाभर राहायचं असं ठरतंय आणि लेकीने डोकं खाल्लंय की ड्यूड रँचवरच जायचं. म्हणजे त्या पश्चिमेकडे असतात ना, लाकडी केबिनमध्ये राहायचं, रोज घोड्यावरून डोंगरात हिंडायचं, जेवणखाण सगळं तिथेच. फोटो बघून मलाही जावंसं वाटायला लागलं होतं, मग किमती बघितल्या आणि लॅपटॉप मिटला.

आमची वरात अशी: लेक १० वर्षांची, इथे न्यू जर्सीत दर शनिवारी रायडिंग क्लासला जाते (इंग्लिश सॅडल, म्हणजे हलकं, सपाट खोगीर). मुलगा ५ वर्षांचा, त्याला घोड्यापेक्षा घोड्याच्या शेणात जास्त रस. नवरा महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी घोड्यावर बसला होता तेवढंच, वजन १०५ किलो (त्याने हे वाचू नये). मी काठावरची, म्हणजे भीती वाटते पण बसेन. आणि सासूबाई नाशिकहून येतायत जूनमध्ये, वय ६८, घोड्यावर बसणार नाहीत हे नक्की, अंडंसुद्धा खात नाहीत आणि आम्ही जाऊ तेव्हा चातुर्मास लागलेला असेल म्हणजे कांदा-लसूणही बंद. आम्ही बाकीचे शाकाहारी पण अंडं चालतं.

एवढे पैसे घालून खरंच मजा येते का? खायचे हाल होतात का? सासूबाईंना तिथे नेणं म्हणजे त्यांना शिक्षा आहे का? कुणी जाऊन आलं असेल तर खरं खरं सांगा.

डेन्व्हरकर

मृण्मयी, आम्ही कोलोराडोत राहतो आणि घरात घोडेवेड असल्याने रँचवर जाणं होतं अधूनमधून, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पैसे. मधल्या दर्जाच्या रँचचा भर सीझनचा दर माणशी आठवड्याला साधारण २,५०० ते ४,००० डॉलर असतो, मुलांना थोडा कमी, आणि चैनीच्या रँच याच्या बऱ्याच वर जातात. त्यावर टॅक्स, आणि त्यावर टिप, जी १५ ते २० टक्के धरतात आणि ती वेट्रेस, रँगलर (घोडे सांभाळणारे आणि राइडवर नेणारे), केबिन झाडणारी मुलं सगळ्यांमध्ये मिळून वाटली जाते. टिपेचा आकडा आधीच बजेटमध्ये धरा नाहीतर शेवटच्या सकाळी ऑफिसात उभं राहून तोंड पडतं. पण या पैशात राहणं, तीन वेळचं जेवण, रोजची घोडेस्वारी आणि मुलांचा कार्यक्रम सगळं येतं, त्यामुळे हॉटेल अधिक रेस्टॉरंट अधिक तिकिटं असा हिशोब मांडलात तर फरक दिसतो त्यापेक्षा कमी आहे. बहुतेक ठिकाणी रविवार ते शनिवार किंवा रविवार ते रविवार असाच आठवडा विकतात, जुलैत दोन-तीन रात्रींसाठी सहसा घेत नाहीत. सप्टेंबरात दर उतरतात, हवाही सुंदर असते, पण शाळा आहेत तुमच्या, आणि कित्येक रँच सप्टेंबरातले काही आठवडे फक्त मोठ्यांसाठी ठेवतात.

आता मुख्य गोष्ट. रँच या एका नावाखाली निरनिराळे प्रकार विकले जातात आणि वेबसाइटवर सगळ्यांचे फोटो सारखेच असतात. एक, खरोखर गुरं असलेली वर्किंग रँच, तिथे तुम्ही गुरं हाकायला जाता, दिवस लांब, सोयी कमी, लहान मुलांना बरेचदा घेतच नाहीत. दुसरी, तुम्ही म्हणताय ती ड्यूड रँच, जिथे घोडा हा केंद्रबिंदू आणि बाकी सगळं त्याच्या भोवती. तिसरी म्हणजे रिसॉर्ट, जिथे स्पा, झिपलाइन, टेनिस सगळं आहे आणि घोडा हा त्यातला एक आयटम, कधीकधी त्याचे पैसेही वेगळे. तुमची लेक रायडिंग शिकतेय म्हणजे तिला दुसऱ्या प्रकारात न्या. फोनवर एकच प्रश्न विचारा: आठवड्यात किती वेळा घोड्यावर बसायला मिळतं आणि ट्रॉट-लोप (दुडकी आणि त्याहून वेगाची संथ दौड) करू देता का की सगळे एकामागे एक चालतच जातात? उत्तर देताना समोरचा घुटमळला तर समजा.

मुलाचं: ट्रेलवर न्यायला बहुतेक ठिकाणी ६ किंवा ७ वर्षं पूर्ण लागतात. पाचव्या वर्षी त्याला कुंपणाच्या आत कुणीतरी दोरी धरून फिरवेल, बाकी वेळ मुलांचा कार्यक्रम, म्हणजे बकऱ्या, ओढ्यात खेळ, वगैरे. तो खूश असेल. पण हे विचारून घ्या की लेकीला तुमच्याबरोबर राइडला येता येतं का, कारण काही रँचवर मुलांच्या राइड पूर्ण वेगळ्या असतात आणि आईवडिलांना आठवडाभर पोरगी घोड्यावर दिसते ती फक्त शेवटच्या दिवशीच्या छोट्या रोडिओत (घोडेस्वारीच्या खेळांत). काहींना हे आवडतं, काहींचा विरस होतो.

नवऱ्याचं: वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी २२५ ते २५० पौंडांच्या मध्ये कुठेतरी. १०५ किलो म्हणजे २३१ पौंड. म्हणजे काही ठिकाणी बसेल काही ठिकाणी नाही, आधी विचारा. आणि काही जागी खरंच काटा असतो, लाजायचं कारण नाही.

पिठलंभाकरी

मी जरा उलटं बोलणार आहे, राग नको. पाच माणसांत घोड्यावर मनापासून बसणारं एकच, एक बसूच शकत नाही (वय), एक बसणार नाही (सासूबाई), एक घाबरतंय आणि एकाचं वजन काठावर. आणि यासाठी १२-१५ हजार डॉलर? एवढ्यात भारताची सगळ्यांची तिकिटं होतील.

कोलोराडोत ग्रॅन्बीजवळ वायएमसीए ऑफ द रॉकीजची स्नो माउंटन रँच आहे, त्यांचीच दुसरी जागा एस्टेस पार्कला. केबिनमध्ये स्वयंपाकघर असतं! कुकर घेऊन जा, वरण-भात लावा, चातुर्मासाचा प्रश्नच मिटला. घोडे तिथेच मिळतात तासाच्या हिशोबाने, ज्याला बसायचंय त्याचेच पैसे. लेकीला रोज सकाळी राइडला पाठवा, मुलाला पोनी, तुम्ही दोघं आळीपाळीने जा. रात्री शेकोटी पण असते. रँचसारखं वाटतं का? तर नाही, तिथे गर्दी असते, फॅमिली रियुनियनवाले पन्नास पन्नास लोक एकसारखे टीशर्ट घालून येतात. पण आमच्या आईबाबांना तिथे इतकं बरं वाटलं की काही विचारू नका, पोर्चमध्ये बसून समोर डोंगर आणि हातात स्वतःच्या हाताने केलेला चहा.

यलोस्टोनला जाणारच असाल तर तिथेही पार्कच्या आत कॅन्यन आणि रूझवेल्ट या जागी कोरल (घोड्यांचे तळ) आहेत, पण तिथे राइडला ८ वर्षं पूर्ण लागतात.

डेन्व्हरकर

पिठलंभाकरी, तुमचा हिशोब चूक नाही. पण तासाच्या राइडमध्ये मिळतं ते म्हणजे घोडा पुढच्या घोड्याच्या शेपटीला नाक लावून जाणार आणि तुम्ही वर सामान. रँचवर रविवारी-सोमवारी तुम्हाला एक घोडा नेमून देतात तो शनिवारपर्यंत तुमचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो तुम्हाला ओळखायला लागतो, तुम्हाला त्याच्या खोड्या कळतात, हा ओढ्याशी अडतो, हा उजवीकडच्या गवताला बघून थांबतो. जर्सीत दर शनिवारी तासभर रिंगणात गोल गोल फिरणाऱ्या मुलीला हे कुठून मिळणार. फक्त फोटो हवे असतील तर तासाची राइड, पोरीला घोडा कळावा असं असेल तर आठवडा. मधलं काही नाही.

खोगीरभरती

अखेर माझ्या विषयाचा धागा!

मृण्मयीताई, लेकीबद्दल आधी. इंग्लिशवाली मुलं वेस्टर्नला (काउबॉयी खोगीर आणि पद्धत) गेली की पहिल्या दिवशी वैतागतात. तिला लगाम दोन्ही हातांत, ताणून, घोड्याच्या तोंडाशी सतत संपर्क ठेवायला शिकवलेलं असणार. रँचवरचे घोडे एका हातात सैल लगामावर चालतात, डावीकडे वळायचं तर दोन्ही लगाम मानेवरून डावीकडे न्यायचे, मानेला उजवा लगाम टेकला की घोडा वळतो. तिने सवयीने ताणून धरलं तर तो बिचारा थांबेल नाहीतर मागे मागे जाईल आणि तिला वाटेल घोडा अडेल आहे. तेवढं आधी सांगून ठेवा. बाकी तिची मांड पक्की असेल, टाच खाली ठेवायची सवय असेल, त्यामुळे सोमवारी रिंगणात चाचणी घेतात त्यात तिला वरच्या गटात टाकतील.

फॉर्ममध्ये उंची, वजन, अनुभव विचारतात ते अगदी खरं भरा. आपल्याकडे माणसं 'लहानपणी गावाला घोडा होता' असं ठोकून देतात आणि मग मिळतो तसाच तिखट घोडा. वजनाचं पण तेच. घोड्याने साधारण स्वतःच्या वजनाच्या २० टक्के ओझं वाहावं असा सर्वसाधारण नियम धरतात, त्यात खोगीरही आलं. रँचवरचा क्वार्टर हॉर्स (घोड्याची एक जात) ११०० पौंडांचा धरला तर २२० पौंड, वेस्टर्न खोगीरच ३०-४० पौंडांचं असतं. म्हणजे मर्यादा घातलीय ती तुमच्या नवऱ्याला हिणवायला नाही, घोड्याच्या पाठीसाठी घातलीय. मोठ्या माणसांसाठी काही रँच ड्राफ्ट (ओझं ओढणाऱ्या) जातीचे मिश्र घोडे ठेवतात, ते दांडगे असतात आणि स्वभावाने गरीब, असा आहे का ते विचारा.

नवशिक्यांसाठी थोडं. महाबळेश्वर-माथेरानला घोडेवाला दोरी धरून बरोबर चालतो, इथे लगाम तुमच्या हातात आणि रँगलर पुढे कुठेतरी. डावीकडून चढायचं. रिकिबीत पाऊल अर्धंच घालायचं, चवड्यापर्यंत, आणि टाच खाली, म्हणूनच टाचेचा बूट लागतो, कारण सपाट स्नीकर रिकिबीतून आरपार जातो आणि पडलात तर पाय अडकून फरफटत जाल. बहुतेक रँचवर बूट उसने मिळतात, विचारा. निघाल्यावर दहा मिनिटांनी रँगलर परत येऊन पोटाचा पट्टा आवळतो, कारण खोगीर चढवताना घोडे पोट फुगवून ठेवतात, चांगलेच बनेल असतात. तो आला नाही तर हाक मारा, संकोच करू नका. चढावर जरा पुढे झुका, उतारावर पाठ मागे. घोड्याने गवतात तोंड घातलं तर लगेच वर ओढा, एकदा खाऊ दिलं की आठवडाभर तुमचं ऐकणार नाही.

सगळ्यात जास्त दुखतं ते लोकांना वाटतं तिथे नाही, गुडघे दुखतात. रिकिबी आखूड असल्या की हमखास, पाच मिनिटं थांबून लांब करून घ्या. आणि जीन्सची आतली शिवण मांडीला घासते, आतून सायकलची शॉर्ट किंवा टाइट्स घाला. बुधवारी सुट्टी घ्या एका राइडची, लाज नाही.

सातारकर_७१

वाचतोय, मजा येतेय. मला एक कळत नाही, हे गुरं राखणारे लोक पाहुणे राखायच्या धंद्यात शिरले कसे? आमच्याकडे शेतकऱ्याने कृषी पर्यटन काढलं तर लोक म्हणतात शेती पिकत नाही म्हणून काढलं.

खोगीरभरती

सातारकर काका, तिथेही जवळजवळ तेच झालं! पिट्सबर्गचे ईटन बंधू डाकोटा टेरिटरीत मेडोराजवळ गुरं पाळत होते, आता ते नॉर्थ डाकोटात येतं. पूर्वेकडचे त्यांचे मित्र शिकारीला, हवापालटाला म्हणून यायचे आणि महिनोन् महिने हलायचे नाहीत, तेव्हा १८८० च्या दशकात त्यातल्याच काहींनी सांगितलं की बाबांनो आमच्याकडून पैसे तरी घ्या. मग १८८६-८७ चा हिवाळा इतका भयंकर पडला की उत्तरेकडच्या मैदानांतली गुरं हजारोंनी मेली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टचीही गुरं त्याच भागात होती, त्यांचाही कळप निम्म्याहून जास्त गेला. गुरांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही हे बऱ्याच जणांना तेव्हा कळलं. ईटन मंडळी १९०४ मध्ये वायोमिंगला शेरिडनजवळ वुल्फला गेली आणि ती रँच आजही चालू आहे. पुढे रेल्वे कंपन्यांना गाड्या भरायला पाहुणे हवे होते, म्हणून नॉर्दर्न पॅसिफिकच्या पुढाकाराने १९२६ मध्ये मोंटानातल्या बोझमनला ड्यूड रँचर्स असोसिएशन स्थापन झाली. त्याच वर्षी वायोमिंगमध्ये टेटन डोंगरांसमोर ट्रँगल एक्स नावाची रँच सुरू झाली, ती तर आता ग्रँड टेटन नॅशनल पार्कच्या आतच आहे.

मृण्मयीताई, शोधायला असोसिएशनची साइट बरी आहे, राज्याप्रमाणे यादी मिळते.

ऋजुता_ट्युसॉन

मला उशीर झाला पण जेवणाबद्दल कुणी नीट लिहिलं नाहीये म्हणून लिहिते, मी पक्की शाकाहारी आहे.

हाल होत नाहीत पण आधी न सांगता गेलात तर होतात. बुकिंगच्या वेळी एकदा आणि जायच्या दोन आठवडे आधी परत एकदा, लेखी, सोप्या भाषेत. 'व्हेजिटेरियन' एवढं म्हणून भागत नाही कारण तिथल्या स्वयंपाकघरात बेकनला मांस म्हणून मोजत नाहीत असा मला दाट संशय आहे 😄 बीन्समध्ये बेकन, फरसबीत बेकन, रीफ्राइड बीन्समध्ये डुकराची चरबी, सूपमध्ये बीफचा स्टॉक, आणि शेकोटीवर मुलं भाजतात त्या मार्शमेलोमध्ये जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातडीपासूनचं). व्हीगन मार्शमेलो मिळतात ते इथूनच घेऊन जा, मुलगा पाच वर्षांचा आहे, बाकीची मुलं खाताना तो बघत बसेल का. ज्या संध्याकाळी स्टेक असतो त्या संध्याकाळी तुम्हाला व्हेजी बर्गर नाहीतर पोर्टोबेलो मशरूम मिळणार, तक्रार करू नका, बटाटा आणि मका भरपूर असतो. नाश्ता मात्र मस्त.

सासूबाईंचं अवघड आहे कारण अंडं नाही म्हणजे पॅनकेक, कॉर्नब्रेड, केक सगळं गेलं आणि वर कांदा-लसूण नाही. त्यांच्यासाठी दही, फळं, ओट्स, भाजलेला बटाटा, साधा भात एवढं रोज ठेवा असं सांगा, हे कुठलंही स्वयंपाकघर आनंदाने करतं, त्यांना गोंधळ होतो तो 'हे नाही ते नाही' अशी यादी दिली की. घरून मेतकूट, दाण्याची चटणी (बिनलसणीची), दशम्या, लाडू. फक्त वायोमिंग-मोंटानात जात असाल तर खाऊ केबिनमध्ये उघडा ठेवू नका, अस्वलांचा मुलूख आहे आणि अस्वलाआधी उंदीर येतात. तिथे पोचल्यावर कुठे ठेवायचं विचारा, लॉजच्या स्वयंपाकघरात जागा देतात.

हेल्मेट! मुलांना बहुतेक ठिकाणी सक्ती असते, मोठ्यांना मर्जी, आणि मग सगळे पुरुष काउबॉय हॅट घालून मिरवतात. मागून घ्या आणि घाला. लेकीचं स्वतःचं असेलच, तेच न्या. सायकलचं हेल्मेट चालत नाही, घोडेस्वारीचं एएसटीएम या सुरक्षा मानकाचा शिक्का असलेलं वेगळं असतं.

बाय द वे यंदाच जायचा हट्ट नसेल तर आमच्याकडे अ‍ॅरिझोनात रँचचा सीझन उलटा असतो, साधारण ऑक्टोबर ते मे, विकेनबर्ग आणि ट्युसॉनच्या आसपास चांगल्या रँच आहेत, काही तर सग्वारो नॅशनल पार्कला लागून. स्प्रिंग ब्रेकला या. उन्हाळ्यात मात्र चुकूनही नको, ४० अंशांच्या वर असतं. आणि मार्चमध्ये चातुर्मास नसतो!

मृण्मयी_जर्सी

बापरे किती माहिती, सगळ्यांचे खूप आभार 🙏 नवऱ्याने धागा वाचला. ११०० पौंडांचा हिशोब त्याला पटला, आता रोज संध्याकाळी चालायला जातोय, बघू किती दिवस.

डेन्व्हरकर म्हणतात तसे दोन-तीन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी 'मोस्टली वॉकिंग' म्हणाले ते कटाप. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी अर्धा तास लेकीशीच गप्पा मारल्या, तिला कुठला घोडा चालवतेस, लोप येतो का, पडलीस का कधी, सगळं विचारलं. तिथे वजनमर्यादा २४० पौंड आहे. कोलोराडोतच आहे, उंची ८,००० फुटांच्या वर. आणि जी व्यक्ती घोड्यावर बसणार नाही तिला थोडा कमी दर लावतात.

आता दोन शंका. त्यांनी कागद पाठवलाय सही करायला, त्यात लिहिलंय की मेलात तरी आम्ही जबाबदार नाही, अशा अर्थाचं. हे नेहमीचं असतं का? आणि सासूबाईंच्या व्हिजिटर इन्शुरन्सचं काय?

डेन्व्हरकर

नेहमीचं आहे. कोलोराडोत कायदाच आहे तसा, घोड्याच्या मूळ स्वभावामुळे जे धोके असतात त्यातून इजा किंवा मृत्यू झाला तर घोडेवाल्यावर जबाबदारी नाही, आणि तशी पाटी तबेल्यापाशी लावलेली दिसेल तुम्हाला. बऱ्याच राज्यांत असे कायदे आहेत. याचा अर्थ त्यांनी तुटका पट्टा लावला किंवा बिथरणारा घोडा पाच वर्षांच्या मुलाला दिला तरी सुटतात असा नाही, पण कोर्टात जायची वेळच येऊ नये म्हणून हेल्मेट आणि टाचेचा बूट.

तुमचा नेहमीचा हेल्थ इन्शुरन्स तुम्हाला चौघांना इमर्जन्सीला चालतो, फक्त जवळचं हॉस्पिटल किती दूर आहे ते बघून ठेवा. रँचवरून गंभीर केस असेल तर हेलिकॉप्टरच येतं. २०२२ पासून नेटवर्कबाहेरच्या एअर अ‍ॅम्ब्युलन्सचं अचानक बिल इन्शुरन्स असलेल्या माणसाच्या गळ्यात मारता येत नाही, जमिनीवरच्या अ‍ॅम्ब्युलन्सला मात्र ते संरक्षण नाही, आहे की नाही गंमत.

सासूबाईंची पॉलिसी काढून 'एक्सक्लूजन'चं पान वाचा, बऱ्याच व्हिजिटर पॉलिसींत घोडेस्वारी साहसी खेळांत टाकून वगळलेली असते. त्या बसणार नाहीत म्हणून फरक पडत नाही, पण तिथे गेल्यावर नातीला बघून हुरूप येतो हं लोकांना! त्यांच्यासाठी खरा प्रश्न उंचीचा आहे. ८,००० फुटांवर थेट नेऊ नका, आधी डेन्व्हरला एक-दोन रात्री काढा, पाणी भरपूर, पहिल्या दिवशी काही करू नका. बीपीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढा.

पिठलंभाकरी

ठीक आहे, मी हरले 😀 पण सासूबाईंना तिथे दिवसभर करमणार कसं ते अजून कुणी सांगितलं नाही. टीव्ही नसतो खोलीत, फोनला रेंज नसते, वायफाय फक्त लॉजमध्ये. मालिका बुडणार.

ऋजुता_ट्युसॉन

माझ्या आईला नेलं होतं ट्युसॉनजवळच्या एका रँचवर. ती सकाळी उठून तबेल्यात जाऊन बसायची, तिथली कॉलेजातली मुलं घोड्यांना खरारा करायची त्यांच्याशी तिच्या इंग्रजीत गप्पा मारायची, मग तिने एका मुलीला आपल्याकडे बैलांना पोळ्याला कसं सजवतात ते फोनवर फोटो दाखवून सांगितलं, आणि शेवटी त्या मुलीने आईला गाजरांची बादली देऊन टाकली रोजची. बऱ्याच रँचवर घोडागाडीतून कुकआउटच्या (उघड्यावरच्या जेवणाच्या) जागी नेतात, ते त्यांना जमेल, वर चढायला पायरी आहे का विचारा. स्वेटर आणि कानटोपी घ्या, जुलैतसुद्धा पहाटे तिकडे गारठा असतो. एक मात्र आहे, त्यांना एकटं वाटेल असं वाटत असेल तर तुम्ही दोघं एकाच वेळी राइडला जाऊ नका, सकाळी एक दुपारी एक.

खोगीरभरती

आणि जमलं तर सकाळची राइड नवऱ्याला द्या. कोलोराडोत जुलैत दुपारी हमखास गडगडाट होतो, विजा दिसल्या की राइड अर्ध्यावरून परत फिरवतात. रेनकोट खोगिराच्या मागे बांधून नेतात, वाऱ्यात फडफडणारा पोंचो अंगावर घालू नका, घोडे बिचकतात. जर्सीहून नेणार असाल तर फडफड न करणारं जाकीट न्या. लेकीसाठी सोमवारीच रँगलरला विचारा की लोपचा गट कुठल्या दिवशी निघतो, जागा कमी असतात.

मृण्मयी_जर्सी

डिपॉझिट भरलं आज. जुलैचा तिसरा आठवडा. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या गाजरं मी नाशिकहून आणू का 😂 ऋजुता, तुझी आई बिनलसणीची दाण्याची चटणी कशी करते ती रेसिपी दे ना, आमच्याकडे लसणाशिवाय कुणी केलीच नाहीये कधी.

ऋजुता_ट्युसॉन

दाणे खमंग भाजून साल काढ, लाल तिखट, मीठ, जिरं, थोडी साखर आणि चिमूटभर आमसुलाची पूड. मिक्सरला थांबून थांबून फिरव, एकदम फिरवलंस तर तेल सुटून गोळा होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ने.